कोरडी मांडी

"हागला मेला! पुन्हा हागला!"

सत्यभामेचा आवाज शेजारच्या घरांत ऐकू गेला. सकाळीच शेणानं सारवलेली ओसरी, कडा अजून ओल्या, आणि तिच्या मधोमध गहिनीनाथ उभा. अंगात आखूड अंगडं, कमरेला करदोटा, पायाशी ते. दोन वर्षं सरून तिसरं लागलेलं लेकरू. पळून जावं हे त्याला सुचलं नाही. आईकडं बघत तो तसाच उभा राहिला.

सत्यभामेनं तव्यावरची भाकरी तशीच सोडली. हातातलं उलथनं जाळात धरलं, थोडा वेळ धरून ठेवलं आणि बाहेर आली. भिवराबाई आडावरून पाण्याची घागर घेऊन येत होती. तिला दुरूनच काय होणार ते कळलं. घागर तिनं वाटेतच टाकली, पाणी सांडलं, लुगड्याचा ओचा हातात धरून ती पळत सुटली. पण ती पोचली तेव्हा उलथनं लेकराच्या ढुंगणाला टेकून झालं होतं.

त्या किंकाळीनं पाळण्यातलं तान्हं जागं झालं.

"वैनी! अवो, लेकरू हाय त्ये!"

"लेकरू हाय म्हनून नुसतं टेकवलं," सत्यभामा म्हणाली. "बैल असता तर डाग दिला असता. आवरा आता तुमचा लाडका. आन ती घागर फुटली असंल तर भावाला तुमीच सांगा."

भिवराबाईनं गहिनीला छातीशी धरलं, लोणी लावलं, मग राख आणली, खापरीनं घाण उचलली, ओसरी पुन्हा सारवली. तोंडातून अक्षर काढलं नाही. अक्षर काढायला स्वतःचं घर लागतं.

भिवराबाई म्हणजे सत्यभामेच्या नवऱ्याची, उत्तरेश्वराची, बहीण. लहानपणी लग्न लागलं आणि न्हाण यायच्या आधीच नवरा पटकीनं गेला. नवऱ्याचं तोंड आठवतं का, असं बायांनी विचारलं की ती हसायची, "मुंडावळ्याच दिसल्या बाई, तोंड कुटं बघितलं!" इतर कुणब्यांत विधवेचं म्होतूर लावतात, बाईला दुसरं घर मिळतं. पण हे पडले पाटलाच्या भावकीतले. घरात खायला कण्या, पण मिशीला तूप. म्होतूर लावलं तर भावकीत नाक कापलं जाईल, म्हणून बापानं पोरीला घरी आणून बसवलं, आणि बाप मेल्यावर ती भावाच्या वाट्याला आली. तेव्हापासून सत्यभामेची बाळंतपणं काढायची आणि पोरांचं हगणंमुतणं बघायचं, हा तिचा संसार. पोरं मोठी झाली की आईची व्हायची. पाय फुटले की आत्याला कोण विचारतं?

गहिनी मात्र वेगळा निघाला. तो झाला तेव्हा सत्यभामा तापानं फणफणली होती, वाचते की नाही असं झालं होतं. भिवराबाईनं त्याला शेळीच्या दुधात बोळा भिजवून जगवला. तो आईकडं जायचा तो पाहुण्याकडं गेल्यासारखा. झोपायचा आत्यापाशी, जेवायचा आत्याच्या हातून. तिनं आयुष्यात कधी काही मागितलं नव्हतं, पण हे लेकरू आपलं आहे असं मनातल्या मनात धरून ठेवलं होतं. नांदूरघाट गावात हे सगळ्यांना दिसत होतं.

त्याला तिनंच वळण लावलं होतं. उन्हं वर यायच्या आत परसात भिंतीला पाठ लावून बसायचं, पाय पुढं पसरायचे, दोन पावलांत फट ठेवायची आणि त्या पावलांवर लेकराला बसवायचं, तोंड आपल्याकडं करून. लेकरानं गुडघे धरायचे, आपण शूऽऽ करत राहायचं. आपल्याकडं सगळ्याच बाया असंच करतात, त्यात काही नवल नाही. पण बायांना चूल असते, जनावरं असतात, घडीभर बसवलं आणि झालं नाही की एक धपाटा घालून उचलतात. भिवराबाई बसून राहायची. पायाला मुंग्या आल्या तरी बसून राहायची. दिवाळीपर्यंत गहिनी शहाणा झाला होता. "आत्या, आली" म्हणून हात धरून ओढायचा.

मग सत्यभामेला आणखी एक झालं, आणि गहिनीचं सगळं फिसकटलं. पाळणा हलायला लागला की हा उभ्या उभ्या मुतायचा. नवं आलं की जुनं वळण मोडतं, हे म्हाताऱ्या बायांना ठाऊक असतं. एरवी कुणी मनावर घेतलं नसतं. पण तेव्हाच नेमकं गेवराईचं प्रकरण निघालं.

गेवराईचे धर्मराज पाटील उत्तरेश्वराचे लांबचे चुलते. गोदेकाठची काळी जमीन, दारात घोडं, पिढीजात पाटीलकी. सगळं होतं, पोटी मूल नव्हतं. पाटील आता अंथरुणाला खिळलेले. वारस लावला नाही तर पाटीलकी चुलत घराण्यात जाणार, आणि त्या घराण्याशी यांचं पाण्याचंसुद्धा वैर. म्हणून निजाम सरकारचा गिरदावर, महसुलाचा अंमलदार, मोहरमनंतर दौऱ्यावर यायचा, त्याच्या आत भावकीतलं पोर दत्तक घ्यायचं ठरलं. पोर निवडायचा अधिकार पाटलीणबाईचा, जानकीबाईचा.

जानकीबाईनं आधी शिरूरकडचं एक पोरगं बघितलं होतं. गोरंपान, बाळसेदार. मांडीवर घेतलं आणि पोरानं पैठणीवर धार धरली. बायाबापड्या म्हणाल्या, शुभ असतं, लेकराचं मूत म्हणजे तीर्थ. जानकीबाई उठली, लुगडं बदलून आली आणि पोर परत पाठवलं. "ज्याला आपलं आतडं आवरंना, त्यो पाटीलकी काय आवरंल?" असं म्हणाली. आणखीही एक गोष्ट तिच्या मनानं घेतली होती, ती तिनं उत्तरेश्वराच्या ओसरीवर बसून स्वतःच्या तोंडानं सांगितली.

"वांझ वांझ म्हनून जलम गेला मपला. आता मांडीवर लेकरू घेनार ते भटाच्या समोर, भावकीच्या समोर. त्या वक्ताला मांडी ओली झाली तर समदे तोंडाला पदर लावून हासतील. म्हनतील, देवानं दिलं न्हाई आन मागून घेतलेलं बी हिच्यावर मुतलं. मला त्ये नगं. मांडी कोरडी राहिली पायजे."

तिचा दिवस चांगला होता की भिवराबाईचा वाईट, कोण जाणे, पण त्या दिवशी गहिनी शहाण्यासारखा वागला. भिवराबाईचा पदर धरून दाराआड उभा राहिला, टकामका बघत. जानकीबाईनं त्याला दुरूनच न्याहाळलं. नाक सरळ, डोळे मोठे, कान पाटलासारखे.

"ही कोन?"

"मपली बहीन," उत्तरेश्वर म्हणाला. "रांडाव हाय. पोरगं हिच्याबिगर राहात न्हाई, येवढंच जरा..."

"मग येऊ द्या की तिला बी संगं. लेकराला मानूस लागनारच. मांडी कोरडी राहिली की दोघंबी मपली."

दाराआड उभ्या भिवराबाईला वाटलं, आपल्या कानात कुणी साखर ओतली. गहिनी पाटील होणार, आणि आपण त्याच्यासोबत जाणार, कुणी हाकलणार नाही, त्याला मिसरूड फुटेल, लग्न होईल, तरी आपण त्याच घरात. त्या दिवशी तिनं दोन भाकरी करपवल्या आणि सत्यभामेच्या शिव्या हसत ऐकल्या.

पाहुणे गेल्यावर उत्तरेश्वरानं तिला परसात बोलावलं.

"आयकून घे भिवरे. पोरगं वळणावर आन. मांडी ओली झाली आन पाटीलकी हातची गेली, तर तुला मपल्या दारात जागा न्हाई. तुज्या दिराच्या दारात नेऊन सोडीन. गहिनीचं तोंड पुना दिसायचं न्हाई तुला."

"दिराच्या दारात? दादा, त्यो मारतो..."

"मारू दे. नवऱ्याचं घर हाय त्ये."

म्हणजे एका मांडीवर तिचं सगळं ठरणार होतं. कोरडी राहिली तर लेकरू जन्माचं तिचं. ओली झाली तर लेकरूही गेलं आणि घरही गेलं.

घरात मग सगळेच गहिनीच्या मागं लागले. सत्यभामेनं दुपारनंतर त्याचं पाणी बंद केलं. गोठ्यात खांबाला बांधून ठेवायची, "आली म्हन, मग सोडते" म्हणायची. बांधलेलं लेकरू भीतीनं तिथंच करायचं, मग त्याबद्दल मार. भिवराबाई चोरून ओल्या फडक्यानं त्याचे ओठ भिजवायची. लेकरू आता कणगीमागं लपून करायला शिकलं. घाण सापडायची, पोर सापडायचं नाही. थोरल्या भावंडांना करमणूक झाली. "हग्या पाटील! हग्या पाटील!" म्हणून ती त्याच्याभोवती नाचायची, आणि बाप ओसरीवर बसून हसायचा.

भिवराबाईनं तिची रीत सोडली नाही. सकाळ-संध्याकाळ परसात पाय पसरून बसायची. भाजलेल्या जागेमुळं त्याला बसवत नव्हतं, तर पावलांवर चिंधीची घडी ठेवायची. हळूहळू गहिनी तिच्या पायावर पुन्हा करायला लागला. गेवराईला निघायचा दिवस जवळ आला तेव्हा तिला वाटलं, आता जमलं.

उत्तरेश्वराला मात्र खातरी करून घ्यायची होती. त्यानं नवं धोतर नेसलं, पाटावर बसला आणि म्हणाला, "आन इकडं. बगू बस मांडीवर. मी जानकीकाकू हाय असं समज."

गहिनी बापाच्या मांडीवर त्याआधी कधी बसला असेल तर देव जाणे. मिशा, तंबाखूचा वास, वरून डोळे वटारलेले. तो ताठ बसला. मग त्याचं तोंड वाकडं झालं आणि उत्तरेश्वराच्या नव्या धोतरावर ओला डाग पसरत गेला.

उत्तरेश्वरानं त्याला असं ढकललं की लेकरू उंबऱ्यावर आपटलं. "बांध तुजं गठुडं!" तो भिवराबाईला म्हणाला. "दिराच्या गावची वाट धर!"

भिवराबाईनं लेकरू उचललं आणि परसात नेलं. कपाळाला टेंगूळ आलं होतं. तिनं त्याला पायावर बसवलं, त्याचे दोन्ही हात धरले. आणि मग जे बोलायला नको होतं ते ती बोलली.

"गहिनी, मपल्याकडं बग. फकस्त हितं करायची. मपल्या पायावर. दुसरीकडं कुटं केलीस, कुनाच्या अंगावर केलीस, तर आत्या मरंल."

"मरंल मंजी?"

"मंजी राहानार न्हाई. हाका मारल्यास तरी येनार न्हाई."

गहिनीनं विचार केला. "वासरावानी?"

उन्हाळ्यात तांबडीचं वासरू मेलं होतं. महारवाड्यातले लोक त्याला पाय धरून ओढत घेऊन गेले ते गहिनीनं पाहिलं होतं.

"व्हय," भिवराबाई म्हणाली. "वासरावानी."

लेकरानं मान हलवली. रडलं नाही. त्या दिवसापासून त्यानं घरात थेंब सांडला नाही. आली की आत्याला शोधायचा, ती शेतात असेल तर पाय आवळून बांधावर उभा राहायचा. सत्यभामा आडावर सगळ्यांना सांगत सुटली, "उलथन्यानं शहाना केला बगा. लाडानं काय व्हतंय?"

गाड्या गेवराईला गेल्या. वाटेत मुक्काम पडला तिथं भिवराबाई त्याला आडोशाला घेऊन गेली. तिच्या गाठोड्यात तिचं सगळं होतं: दोन लुगडी, आईची पितळी वाटी, गहिनीची कुंची. परत यायचंच नाही म्हणून तिनं शेजारणींचा निरोपही घेतला होता.

दत्तविधानाच्या मांडवात तिला जागा नव्हती. पांढऱ्या कपाळाची बाई शुभकार्यात कशी चालेल? तिला मागं गुरांच्या गोठ्यात बसवलं. गोठ्याच्या कुडातून तिला मांडव थोडासा दिसत होता. होमाचा धूर, भटजीचा आवाज, अंगावर शाल टाकून भिंतीला टेकवून बसवलेले धर्मराज पाटील. मग गहिनीला उचलून जानकीबाईच्या मांडीवर ठेवलं. हिरवीगार पैठणी. भिवराबाईनं कुडाच्या काटक्या मुठीत धरल्या. तिला एवढ्या लांबूनसुद्धा कळत होतं की त्याला आलीय. तो मांड्या आवळत होता, पायाचे अंगठे वाकडे करत होता. मंत्र संपता संपेनात. "आवर रं माज्या राजा," ती पुटपुटत होती. "आवर."

त्यानं आवरलं. नाव बदललं, बद्रीनाथ ठेवलं, तोंडात साखर घातली, भावकीनं अक्षता टाकल्या. जानकीबाई उठली तेव्हा पैठणी कोरडी होती. सगळ्यांसमोर तिनं निऱ्या झटकून दाखवल्या.

भिवराबाई गाठोडं घेऊन माजघराच्या दाराशी आली. आत जायची हिंमत झाली नाही. जानकीबाई बाहेर आली, तिच्या कडेवर गहिनी नव्हता.

"तू अजून हितंच? तुज्या भावाची गाडी जुपतायत की."

"बाई, तुमी म्हनला व्हतात..."

"म्हनले असंन. पन गावातल्या जाणत्या बाया म्हनतात, मागल्या घरचं मानूस डोळ्यापुढं राहिलं तर लेकरू रुजत न्हाई. रोप उपटून लावायचं तर मुळाला जुनी माती ठिवत न्हाईत." तिनं एक नवं लुगडं भिवराबाईच्या गाठोड्यावर ठेवलं. "घे. तू लई केलंस. आता त्याला मपला होऊ दे."

आतून "आत्या, आली" असा आवाज आला. कुणीतरी दार लावलं. उत्तरेश्वर गाडीतून ओरडला, "बस लवकर! दिस मावळंल." तो आता खुशीत होता. दिराचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही, हीच मेहरबानी.

नांदूरघाटला परत आल्यावर भिवराबाई कामाला लागली. ओसरीवर हगायला आता कुणी नव्हतं, तरी ती सकाळी परसात जाऊन बसायची. सत्यभामेनं एक-दोनदा पाहिलं आणि तान्हं तिच्या पायावर आणून ठेवलं. "हे घ्या. हात रिकामे कावून ठिवता?"

आठवडा उलटायच्या आत गेवराईचा गडी रामकिसन घोड्यावरून आला. घोड्याच्या तोंडाला फेस होता.

"काय बे रामकिसन?" उत्तरेश्वर चरकून उठला. "पोरगं बरं हाय न्हवं?"

"बरं कसलं! आल्यापून परसाकडं बसलंच न्हाई. झोपंत मुततंय तेवढंच. वैद्यानं एरंडेल पाजलं तरी आवळून धरतंय. पोट नगाऱ्यावानी झालंय. बसवलं की किंचाळतंय, आत्या मरंल, आत्या मरंल. बाईनं हिला बोलावलंय, आत्ताच्या आत्ता."

उत्तरेश्वराचा जीव पाटीलकीत अडकला होता. त्यानं स्वतः छकड्याला बैल जुंपले आणि बहिणीला रामकिसनबरोबर पाठवलं. वाटेत भिवराबाई रामकिसनला सारखी म्हणत होती, "हाका ना बाबा, हाका." आपण काय करून बसलो ते तिला कळलं होतं.

गहिनी माजघरात पडला होता. डोळे खोल गेलेले, पोट फुगून बेंबी वर आलेली. भिवराबाईला बघून तो उठून बसला, पण जवळ आला नाही.

"आत्या, तू मेलतीस?"

"न्हाई रं. हाय की. ही बग."

"मी न्हाई केली," तो म्हणाला. अभिमानानं म्हणाला. "कुटंच न्हाई केली."

तिनं त्याला उचललं, परसात नेलं, भिंतीला पाठ लावून पाय पसरले. शूऽऽ केलं. लेकरू गुडघे धरून किंचाळत राहिलं. घट्ट झालेलं, रक्त आलं. तिचे पाय भरले, लुगडं भरलं. शेवटी त्याची मान तिच्या गुडघ्यावर पडली आणि तो तसाच झोपला. तिनं हाताला सोसेल अशा कोमट पाण्यानं त्याला धुतलं आणि पुसलं.

जानकीबाई पायरीवर उभी राहून सगळं बघत होती.

"आत्या मरंल, ह्ये कुनी शिकवलं त्याला?"

भिवराबाईनं खरं ते सांगितलं. मांडी कोरडी राहावी म्हणून सांगितलं होतं, म्हणाली.

जानकीबाई पायरी उतरून खाली आली. मग म्हणाली, "म्हंजे लेकराच्या गळ्यात दावं बांधून मपल्या मांडीवर दिलंस. खुट्टा तुज्यापाशीच. आता तूच सोड त्ये दावं. मपल्याकडं करायला शिकव त्याला. ज्या दिवशी शिकल, त्या दिवशी जा."

बाईचं काही चुकलं होतं असंही म्हणवत नाही. तिला एक लेकरू हवं होतं, सगळंच्या सगळं. भिवराबाईलाही तेच हवं होतं.

तिला परसदारी कडब्याच्या खोपीत ठेवलं. हुकूम ठरलेला: पदर तोंडावर ओढायचा, लेकराशी बोलायचं नाही, कामापुरतं यायचं, नाव घ्यावं लागलं तर बद्रीनाथ. भिवराबाईला एक गोष्ट लगेच समजली. तिनं काम वाईट केलं तर तिला इथं राहता येणार होतं. पोर अडून राहिलं की तिची गरज राहणार. दोन दिवस तिनं तसं केलंही. पायावर बसवायची आणि मुद्दाम दुसरीकडं बघायची, शूऽऽ करायची नाही. तिसऱ्या दिवशी त्याचं पोट पुन्हा फुगलं आणि तो तिच्या गुडघ्याला चावला. मग तिला तसं करवलं नाही.

तिनं आपल्या पावलांच्या जागी दोन दगड मांडले. आधी दगडांवर पावलं ठेवून बसली. मग पावलं मागं घेतली, दगड राहिले. मग हातभर लांब बसली. मग जानकीबाईला पुढं बसवलं आणि आपण मागं. जानकीबाईनं जन्मात कुणाचं ढुंगण धुतलं नव्हतं. पहिल्या दिवशी तिनं नाकाला पदर लावला, गहिनीनं ते बघितलं आणि उठून पळाला. नंतर तिनं पदर लावला नाही.

मधे पुष्कळदा बिघडलं. दगडांवर केली की गहिनी तसाच उघडा पळत खोपीत यायचा, आत्या जिवंत आहे की मेली ते बघायला. "हाय का?" विचारायचा. "हाय. आता तू कुटंबी कर, मी मरत न्हाई," ती कुजबुजायची. एकदा जानकीबाईनं ते ऐकलं. त्या दिवशी लेकराला दूध दिलं नाही. "आत्या" म्हटलं की दूध बंद, असा नियमच झाला. लेकरू रडून रडून झोपायचं आणि झोपेत अंथरूण भिजवायचं, आणि सकाळी त्याचीही शिक्षा. भिवराबाईनं ओल्या वाकळी धुतल्या. खोपीत बसून ते रडणं ऐकलं. मग एका दुपारी त्याला कडब्याआड ओढून घेतलं आणि शेवटचं शिकवलं.

"त्यांनी इचारलं, ती कोन हाय, तर काय म्हनायचं?"

"आत्या."

"न्हाई. म्हनायचं, कुनी न्हाई."

"कुनी न्हाई."

"पुना म्हन."

"कुनी न्हाई," तो म्हणाला आणि हसला. त्याला तो खेळ वाटला. तिनं त्याच्याकडून ते पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं. चुकला की गालावर चापट मारली. तिनं त्याला त्याआधी कधी मारलं नव्हतं.

मोहरमचे ताबूत थंड झाले, गिरदावर येऊन गेला, पाटीलकीला वारस लागला. त्यानंतर एका सकाळी गहिनी अंगणात खेळत होता. खेळता खेळता थांबला, इकडंतिकडं बघितलं आणि एकटाच परसात जाऊन दगडांवर बसला. कुणी शूऽऽ केलं नाही. झाल्यावर त्यानं हाक मारली, "आई, धू."

जानकीबाई तांब्या घेऊन धावली. पाणी गार होतं. भिवराबाईच्या ओठावर आलं, कोमट घ्या, त्याला गार पाणी सोसत नाही. खोपीत जाऊन तिनं गाठोडं बांधलं.

रामकिसननं छकडा जुंपून दारात आणला होता. भिवराबाई गाठोडं काखेत घेऊन ओट्यापाशी आली, तोंडावर पदर. गहिनी जानकीबाईच्या कडेवर होता. जानकीबाईनं तिच्याकडं बघितलं. तिला खातरी करून घ्यायची होती.

"बद्रीनाथ, ती कोन हाय रं?"

लेकरानं भिवराबाईकडं पाहिलं. डोळे चमकले. आपल्याला येतंय हे त्याला माहीत होतं.

"कुनी न्हाई," तो मोठ्यानं म्हणाला, आणि बरोबर आलं का ते विचारल्यासारखा तिच्याकडंच बघत राहिला.

भिवराबाईनं पदराआडून मान हलवली. बरोबर. मग ती छकड्यात चढून बसली. रामकिसननं बैलांना हाक घातली. वेस ओलांडेपर्यंत तिनं मागं बघितलं नाही. बघितलं असतं तर गहिनी कडेवरून उतरून धावत आला असता, आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून शिकवायला तिला तिथं कुणी ठेवून घेतलं नसतं.